मधले चार खांब

वस्ताद गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पाण्याच्या टाकीचं माप घेतलं, आणि टाकी वर्षभरात केसभरही कलली नाही या आनंदात चहात साखरेचा एक चमचा जास्त घातला.

वस्ताद म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, जमिनीत काँक्रीटचे खांब ठोकायचं. वरची माती मऊ असली की इमारतीचा भार खालच्या टणक थरावर नेऊन ठेवायला लांबलचक खांब यंत्रानं ठोकून उतरवतात, कामावर त्याला पाइल म्हणतात. वस्ताद त्या यंत्राचे फोरमन. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना वस्तादच म्हणत. बाबा म्हणणारी जगात एकटी ती होती, आणि तीही कामावर असली की वस्तादच म्हणायची.

टाकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. चार भक्कम पायांवर उभी, डोक्यावर गोल घुमट, दिसायला तशी काही खास नाही. पण तिच्याखाली जमिनीत सोळा खांब होते, चारांच्या चार ओळींत, आणि त्यांच्या डोक्यांवर काँक्रीटची जाड लादी. खांब किती, किती लांब, हे कागदावर काढलं होतं इंजिनिअर लेकीनं. ठोकले होते बापानं. दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम, म्हणून टाकी पहिल्यांदा भरली त्या तारखेला दर वर्षी दोघं जाऊन तिचं माप घेत. पायांच्या तळाशी चार पितळी खुणा ठोकलेल्या होत्या. त्या किती खाली गेल्या ते दुर्बिणीतून पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच. आई त्याला टाकीचा वाढदिवस म्हणायची.

"माझा विसरतात," ती शेजारणीला सांगायची, "टाकीचा नाही विसरत."

त्या दिवशीही दोघं गेली. लेकीनं तिपाई लावली, वस्ताद मापपट्टी घेऊन पहिल्या पायाशी उभे राहिले.

"पट्टी सरळ धरा, बाबा."

"पट्टी सरळच आहे. तुझी मान वाकडी आहे."

"हलू नका हो जरा!"

"श्वास घेऊ की तोही टाकी मोजून झाल्यावर?"

चारही खुणांची मापं झाली. अकरा वर्षांत टाकी चौदा मिलिमीटर खाली बसली होती, आणि चारही कोपरे सारखे. चार कोपऱ्यांत मिळून एका मिलिमीटरचाही फरक नाही. टाकी खाली बसते त्याची भीती नसते, ती बसणारच. भीती असते ती एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त बसण्याची. वस्तादांनी आकडे दोनदा वाचले आणि टाकीच्या पायावर हलकेच थाप मारली.

"कोपरे शहाणे आहेत," ते म्हणाले. "मधल्यांचं काय चाललंय कोण जाणे."

"मधल्यांवर भार कमीच असतो. कितीदा सांगितलंय तुम्हाला."

हे मात्र तिनंच त्यांना शिकवलं होतं. निम्मं आयुष्य त्यांची समजूत होती की गटातले मधले खांब सगळ्यात जास्त ओझं उचलतात. तिनं कागदावर काढून दाखवलं, की वरची लादी पुरेशी कडक असेल तर तसं होत नाही. मधल्या खांबांच्या भोवतीची माती शेजाऱ्यांनीच आधी दाबून खाली नेलेली असते, त्यामुळे ते फारसं उचलत नाहीत आणि जास्तीचं ओझं कोपऱ्यांवर जातं. वस्तादांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि पुढचे दोन महिने भेटेल त्याला काढून दाखवला होता.

"कबूल," ते म्हणाले. "कोपऱ्यातले जास्त उचलतात. म्हणून तर मी जेवायला टेबलाच्या कोपऱ्याला बसतो."

ती हसली. तिपाई मिटताना तिच्या ओठावर एक वाक्य आलं. दर वर्षी याच दिवशी, याच जागी ते यायचं. कधी कुणीतरी ओळखीचं भेटायचं, कधी उन्हाचा तडाखा असायचा, कधी नुसताच धीर व्हायचा नाही. या वर्षी समोर कुणी नव्हतं, हवाही बरी होती. तिनं तोंड उघडलं.

"चल," वस्ताद म्हणाले. "आईनं चहा टाकला असेल. गार झाला की तिच्या नाकावर राग, आणि तो काही गार होत नाही."

पुढच्या वर्षी बोलू, असं तिनं ठरवलं. टाकी कुठे पळून जाते आहे!

घरी आल्यावर त्यांनी कोपऱ्याचा विनोद आईला ऐकवला.

"कोपऱ्यातले जास्त उचलतात?" आई म्हणाली. "तुम्ही तर जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाही!"

वस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चहात तो एक चमचा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाण्यासाठी ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. एक बूट घातला. आईनं आतून विचारलं, येताना पाव आणाल का. उत्तर आलं नाही म्हणून ती बाहेर आली, तर दुसरा बूट त्यांच्या हातात तसाच होता.

ते वाक्य काय होतं, ते आता सांगायला हवं.

बारा वर्षांपूर्वी ती पाणीखात्यात नुकतीच लागली होती आणि टाकीचं काम तिचं पहिलं. सुरुवातीला रीतीप्रमाणे एकच खांब ठोकून त्याच्यावर भार टाकून पाहिला. निकाल उत्तम आला. ठरलेल्या भाराच्या दुप्पट ओझं ठेवलं तरी खांब जेमतेम हलला. अहवाल तिनं छातीशी धरून घरी आणला होता.

"एकटा होता ना तो?" वस्तादांनी विचारलं.

"एकटाच असतो चाचणीचा खांब."

"मग गुणाचा असणारच! एकटा पाहुणा घरी येतो तेव्हा किती गोड वागतो. सोळा जण एका खोलीत कोंड, एक पांघरूण दे, मग बघ."

तिला ते अडाण्याचं बोलणं वाटलं. खरं तर पुस्तकात हेच लिहिलेलं होतं, फक्त पाहुणे आणि पांघरूण नव्हतं. एकटा खांब आपल्या भोवतीच्या सगळ्या मातीवर रेलतो. सोळा असले की तीच माती सोळा जणांत वाटली जाते, आणि गट एकट्यापेक्षा जास्त खाली बसतो. तेवढा हिशेब तिनं धरला होता. धरली नव्हती ती दुसरी गोष्ट.

ओल्या चिकणमातीत खांब ठोकला की तेवढी माती कुठेतरी जायलाच हवी. ती बाजूला सरकते आणि वर येते, आणि येताना आधी ठोकलेल्या शेजारच्या खांबांनाही थोडं वर उचलते. मधले चार खांब सगळ्यात आधी ठोकले होते. त्यांच्या भोवती बारा ठोकून झाले, तेव्हा वस्तादांनी उंची जोखायची पाण्याची नळी लावली आणि खडूच्या जुन्या खुणा तपासल्या.

"मधले चार वर आलेत," ते तिला येऊन म्हणाले. "बोटभर. तळ सुटलाय त्यांचा. पुन्हा ठोकायला लागतील."

"टणक थरावर टेकलेले खांब वर कसे येतील, वस्ताद? तुमची नळी पाहिलीत का? हवा असेल तिच्यात, पातळी चुकीची दाखवत असेल."

"नळीत हवा नाही, मॅडम."

कामावर ते तिला मॅडम म्हणायचे, आणि पंधरा माणसं ऐकत असताना त्या मॅडममध्ये किंचितही थट्टा नसायची. तिनं चाचणीचा अहवाल पुढे केला. पुन्हा ठोकायची गरज नाही, लादीची तयारी करा, असं सांगून ती निघाली. वस्तादांनी मान हलवली. मग त्यांनी यंत्र परत मधोमध नेलं आणि सोळाच्या सोळा खांबांना पुन्हा ठोके दिले. त्याला चार दिवस लागले. तिला कळलं तेव्हा ती इतकी संतापली, की त्याच दुपारी फाइलमध्ये शेरा लिहून तिनं खाली सही केली. 'फोरमनच्या हट्टामुळे, लेखी सूचना नसताना, चार दिवसांचा विलंब.'

त्या शेऱ्यामुळे वस्तादांना पुढचं काम मिळालं नाही. वर्षभर त्यांना खांब ओतायच्या आवारात बसवलं. घरी त्यांनी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं आहे की. सावली आहे तिकडे."

सहा महिन्यांनी टाकीचे कागद बांधताना तिच्या हाती ठोक्यांची वही आली. वस्तादांचं अक्षर ठसठशीत, पेन्सिलीचं. मधले चार, पुन्हा ठोके. पहिला: आठ ठोक्यांत बोटभर खाली, मग हलत नाही. दुसरा: नऊ ठोके, बोटभर, मग हलत नाही. तिसरा, चौथा, तसंच. कडेचे बारा: वीस ठोके देऊनही हलले नाहीत.

तिनं ते पान तीनदा वाचलं. टेकलेला खांब आठ ठोक्यांत बोटभर खाली जात नाही. चारही खांब अधांतरी होते. तशीच लादी ओतली असती तर टाकी भरल्यावर मधले चार आधी निवांत खाली सरकले असते, आणि त्यांच्या वाटणीचं सगळं कडेच्यांवर पडलं असतं. कोपऱ्यांवर सर्वांत जास्त. टाकी कदाचित पडली नसती. पण एखादा कोपरा जास्त दबला असता आणि चारही खुणा सारख्या राहिल्या नसत्या.

वही तिनं फाइलला जोडली. शेरा तसाच राहू दिला. आणि मूग गिळून बसली, अकरा वर्षं.

तुमचं बरोबर होतं. तीन शब्द. इतके लहान, की कधीही बोलता येतील असं वाटत राहिलं.

बाबा गेल्यावर ती काही दिवस आईकडे राहायला आली. दोघी तशा बऱ्या होत्या. आई कपाटं आवरायची, ती खिडकीशी बसून पुस्तक वाचायची किंवा वाचल्यासारखं करायची. आईनं वस्तादांची कोपऱ्यातली खुर्ची हलवली नाही, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. "रिकामी दिसली की उगाच तिच्याशी भांडावंसं वाटतं," ती म्हणाली. एकदा कोटाच्या खिशात तो घडी घातलेला कागद सापडला, कोपऱ्यांच्या भाराचा. घड्यांवर फाटलेला, आणि मागून चिकटपट्टी लावलेला.

"हे काय गं? टाकू?"

"नको," ती म्हणाली. "माझा आहे."

तीन-चार महिन्यांनी रस्त्यापलीकडे दुसऱ्या टाकीचं काम निघालं. वस्ती वाढली होती, एका टाकीला ते झेपेना. तीच माती, तसेच सोळा खांब. आता ती खात्यात वरच्या जागेवर होती. काम ज्या मुलीकडे होतं तिला ऑफिसात सगळे 'नवी' म्हणत, कारण ती येऊन दोन वर्षं झाली तरी तिच्यानंतर कुणी आलंच नव्हतं. हुशार मुलगी. कागदपत्रं अशी लावायची, की पाहूनच थकवा जावा.

एका दुपारी नवीचा फोन आला. "मॅडम, याल का जरा? इथे फोरमन ऐकत नाहीत."

ती गेली. फोरमन म्हणजे मिशीकाका, एके काळी वस्तादांच्या हाताखाली यंत्र चालवणारे. मिशी पिकली होती, बाकी माणूस तसाच. सोळाही खांब उतरले होते, यंत्र थांबलं होतं, माणसं डबे उघडून बसली होती. मिशीकाकांच्या खांद्यावर पाण्याची नळी गुंडाळलेली होती.

"ताई, मधले चार वर आलेत," ते म्हणाले. "पुन्हा ठोकू द्या म्हणतो, तर या बाई कागद दाखवतात."

"चाचणीचा निकाल उत्तम आहे, मॅडम," नवी म्हणाली. "आणि असं पुन्हा ठोकायला कुठेही लेखी आधार नाही. मी जुन्या टाकीची फाइलपण काढली. तिथेही फोरमननं हेच केलं होतं, आणि त्यावर शेरा आहे." तिनं फाइल उघडून खूण घातलेलं पान पुढे केलं, आणि जरा लाजून म्हणाली, "तुमचाच शेरा आहे. म्हणून मी ठाम राहिले."

आपली सही तिनं ओळखली. अक्षर केवढं ताठ होतं तेव्हा!

सुटकेची वाट समोरच होती. ती आता साहेब होती. इथली माती जरा जास्त ओली आहे, खबरदारी म्हणून ठोकून घ्या, एवढं बोलली असती तरी काम झालं असतं. नवीनं मान डोलावली असती, मिशीकाका मूग गिळून बसले असते, फाइल मिटली असती. वाक्य तयारही होतं. पण मग पुढच्या टाकीला आणखी कुणी नवी हेच पान काढणार, आणि तिच्यासमोर नळी घेऊन उभा राहिलेला माणूस पुन्हा हट्टी ठरणार.

"शेरा माझाच आहे," ती म्हणाली. "लिहिला तेव्हा चुकीचा होता. सहा महिन्यांनी मला कळलं. तेव्हापासून तो खोटा आहे."

डबे खाणारी माणसं थांबली. नवीनं उगाच फाइलची पानं सारखी केली.

"मागे ठोक्यांची वही जोडली आहे. मधल्या चारांचं पान वाच."

नवीनं वाचलं. मान खाली घालून, ओळीवर बोट ठेवून. वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "आठ ठोक्यांत बोटभर?" ती म्हणाली. "म्हणजे ते टेकलेलेच नव्हते."

"नव्हते."

"आणि हे कुणाच्या लक्षात आलं?"

"वस्तादांच्या," मिशीकाका मध्येच म्हणाले. "यांच्या वडिलांच्या."

नवीनं तोंडावर हात ठेवला. वडिलांच्या विरुद्ध शेरा, हे गणित तिच्या डोक्यात जुळायला जरा वेळ लागला. लेकीनं फाइल तिच्या हातून घेतली, पेन काढलं, आणि जुन्या शेऱ्याखाली लिहिलं. 'वरील शेरा चुकीचा. फोरमननी पुन्हा ठोकल्यामुळेच पाया सुरक्षित राहिला. यापुढे या मातीत सर्व खांब ठोकून झाल्यावर उंची तपासावी आणि वर आलेले खांब पुन्हा ठोकावेत.' खाली सही आणि आजची तारीख.

"काका, घ्या यंत्र," ती म्हणाली.

"आधी एवढा डबा संपवून घेऊ का?" मागून एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मिशीकाका त्याच्याकडे डोळे वटारून तिच्याजवळ आले.

"त्यांना राग आला होता ना, काका?" तिनं हळूच विचारलं.

"आला होता की. चांगले दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत." त्यांनी नळीतलं पाणी झटकलं. "मग म्हणाले, पोरीचं पहिलं काम आहे. पहिल्या कामात माणूस कागदाला घट्ट धरून बसतो. धरू दे. मीसुद्धा पहिल्या कामात नळीत हवा ठेवली होती."

"नळीत हवा? बाबांनी?"

"एक अख्खी ओळ खालीवर ठोकलेली त्यांनी. कुणाला सांगायचे नाहीत." काका हसले. "तुम्हाला तर नाहीच."

ती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. काकांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि माणसांवर ओरडायला गेले.

यंत्र मधोमध आलं. नवी स्वतः खडूची खूण करून पट्टी धरून बसली. पहिला ठोका पडला, दुसरा, तिसरा. खांब खाली जाऊ लागला, सावकाश, कुणी समजूत घातल्यासारखा. नवव्या ठोक्याला आवाज बदलला. भरीव, आखूड. दहाव्याला खांब जागचा हलला नाही.

"बोटभर!" नवी ओरडली. "मॅडम, बरोब्बर बोटभर!"

"लिही वहीत," ती म्हणाली. "पेन्सिलीनं लिही, पाण्यानं फिसकटत नाही."

दुसऱ्या खांबाची तयारी सुरू झाली तशी ती रस्ता ओलांडून जुन्या टाकीपाशी आली. चार पाय, चार पितळी खुणा, सगळं जागच्या जागी. वर्षाचं माप घ्यायला अजून बराच अवकाश होता. या वर्षी पट्टी कोण धरणार हे ठरलं नव्हतं. आई म्हणाली होती, मी धरते, पण मला श्वास घेऊ देणार असशील तर.

पलीकडे पुन्हा ठोके पडू लागले. तिनं टाकीच्या पायावर हात ठेवला, वस्ताद ठेवायचे तिथेच. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी ऐकलं असतं तरी तिची हरकत नव्हती.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "नळीत हवा नव्हती. तुमचं बरोबर होतं."